माग पुसणाऱ्यांचा खेळ : ‘अपलिंक’

‘अपलिंक’ हा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये चोरून शिरण्याचा खेळ आहे. इंग्लंडमधल्या ‘इंट्रोव्हर्जन सॉफ्टवेअर’ या तीन तरुणांच्या कंपनीने तो ऑक्टोबर २००१मध्ये विक्रीला आणला. खेळातली गोष्ट घडते २०१० साली, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने जवळच्याच भविष्यात. खेळणारा ‘अपलिंक कॉर्पोरेशन’ नावाच्या कंपनीकडे एजंट म्हणून नाव नोंदवतो. कंपनीच्या फलकावर कामे लागलेली असतात. एजंट त्यातली एखादी सुपारी घेतो, सांगितलेल्या मशीनमध्ये शिरतो, फाइल पळवतो, पुसतो किंवा बदलतो आणि माग लागायच्या आत बाहेर पडतो.

‘अपलिंक’ हा सायबरपंक जातीचा, म्हणजे बड्या कंपन्यांच्या भविष्यातल्या जगातल्या हॅकरचा खेळ आहे. सायबरपंक म्हटले की पावसात भिजलेले शहर, निऑनच्या पाट्या, काळे कोट आणि यांत्रिक हात डोळ्यांपुढे येतात. यातले काहीच ‘अपलिंक’मध्ये दिसत नाही. धावणारा नायक नाही, बंदूक नाही, रस्ताही नाही. दिसतो तो गडद निळ्या रंगातला जगाचा नकाशा, काही चौकटी, आकड्यांच्या ओळी आणि हळूहळू भरत जाणाऱ्या पट्ट्या. कानात राहते ती एक टिकटिक. तरीही इतक्या वर्षांनी हॅकिंगच्या खेळांचा विषय निघाला की जाणकारांच्या तोंडी पहिल्यांदा याचे नाव येते, आणि तो मान त्याने कमावलेला आहे.

त्यामागे एक साधी युक्ती आहे. बहुतेक खेळांत पडदा ही खिडकी असते. खिडकीपलीकडे जंगल, किल्ला किंवा रणांगण असते आणि ते खरे वाटावे म्हणून चित्रकारांची फौज राबते. ‘अपलिंक’मध्ये पडदा म्हणजे पडदाच. गोष्टीतला एजंट कॉम्प्युटरपुढे बसून माउस हलवतो, आणि खेळणाराही कॉम्प्युटरपुढे बसून माउसच हलवत असतो. दोघांत अंतरच उरत नाही. खेळ बनवणाऱ्या तिघा विद्यार्थ्यांच्या खिशाला त्रिमिती शहरे आणि हलतीबोलती माणसे परवडणारी नव्हती. त्यांनी या अडचणीवर पांघरूण घातले नाही. कॉम्प्युटरचा पडदा सोडून दुसरे काहीच दाखवावे लागणार नाही असा विषय निवडून त्यांनी ती अडचणच मुळातून काढून टाकली.

ही युक्ती शेवटपर्यंत निष्ठेने पाळलेली आहे. गोष्टीनुसार चोरीचे काम खेळणाऱ्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर होत नाही. ते होते ‘गेटवे’ नावाच्या, दूरच्या एखाद्या शहरात ठेवलेल्या मशीनवर, आणि घरचा कॉम्प्युटर फक्त त्या मशीनला जोडलेला असतो. पोलिसांना माग लागला तर ते गेटवे जप्त करतात आणि कंपनी एजंटला ओळखही दाखवत नाही. त्याचे खाते बंद होते, जमवलेले पैसे, अवजारे, नावलौकिक सगळे जाते. आधी साठवून ठेवलेल्या जागेवर परत जाण्याची सोय या खेळात नाही. नवे नाव घ्यायचे आणि शून्यापासून सुरुवात करायची. खेळणाऱ्याला ही शिक्षा कडक वाटते, पण गोष्टीतल्या माणसाचेही नेमके असेच होणार असल्यामुळे ती अन्यायाची वाटत नाही.

एखादे काम कसे होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, एका कंपनीच्या सर्व्हरवरची एक फाइल हवी आहे. एजंट थेट तिथे जात नाही. तो नकाशा उघडतो आणि त्यावरच्या ठिपक्यांवर एकेक करून क्लिक करतो. प्रत्येक ठिपका म्हणजे कुठले तरी मशीन. गेटवेपासून निघालेली रेघ एका खंडातून दुसऱ्या खंडात, तिथून तिसऱ्यात उड्या मारत शेवटी त्या कंपनीपाशी पोहोचते. वाटेत जितकी जास्त मशीन, तितका मागे येणाऱ्याला वेळ जास्त. मग ‘कनेक्ट’. पासवर्डची चौकट समोर येते. पासवर्ड फोडणारा प्रोग्राम चालू केला की चौकटीत अक्षरे भराभर फिरू लागतात आणि एकेक अक्षर आपल्या जागी स्थिर होत जाते.

त्याच क्षणी माग निघायला सुरुवात होते. नकाशावरची तीच रेघ आता उलट्या दिशेने, कंपनीकडून एजंटच्या दिशेने, मशीनमागून मशीन ओलांडत येऊ लागते. ‘ट्रेस ट्रॅकर’ नावाचे अवजार विकत घेतलेले असेल तर माग किती जवळ आला हे आवाजावरून कळते. सुरुवातीला टिक्... मग बऱ्याच वेळाने टिक्. एजंट फाइलींच्या यादीत शिरतो, हवी ती फाइल शोधतो, नकलेला लावतो. टिकटिक भराभर होऊ लागते. नक्कल होण्याची पट्टी अजून पाऊणच भरलेली असते. गेटवेच्या प्रोसेसरची ताकद चालू कामांत वाटली जाते, म्हणून एजंट बाकीची कामे मंद करून सगळा जोर नकलेवर देतो. पट्टी भरते. आता टिकटिकीत फटच उरलेली नसते. एजंट जोडणी तोडतो आणि खोलीत एकदम शांतता पसरते. एवढ्या वेळात पडद्यावर घडले काय, तर दोन-चार पट्ट्या भरल्या आणि एक रेघ सरकली. छातीतली धडधड मात्र खरी असते.

नवख्याला वाटते, काम फत्ते झाले. दोन दिवसांनी मात्र त्याचे खाते बंद झालेले असते. या खेळाचे खरे मर्म इथे आहे. चालू जोडणीचा माग हा पहिला धोका. दुसरा धोका मागे राहिलेल्या नोंदींचा. प्रत्येक मशीन कोण कुठून आले आणि पुढे कुठे गेले याची नोंद ठेवते, तिला ‘लॉग’ म्हणतात. चोरी उघडकीस आल्यावर तपास करणारे सावकाश, एकेका मशीनची नोंदवही चाळत उलटे चालत येतात. साखळीतली एक जरी नोंद नाहीशी झालेली असेल तरी त्यांची वाट तिथे खुंटते. म्हणून अनुभवी एजंट काम संपल्यावर लगेच आपल्या साखळीतल्या पहिल्या मशीनवर परत जातो आणि आपल्या येण्याजाण्याची ओळ पुसतो. नोंद पुसायच्या अवजाराच्याही आवृत्त्या आहेत. स्वस्तातली आवृत्ती नोंद पुसते, पण काहीतरी पुसले गेल्याची खूण ठेवते. सर्वांत महागडी आवृत्ती खूणही ठेवत नाही.

खेळणाऱ्यांचे या कामासाठीचे आवडते ठिकाण म्हणजे ‘इंटरनिक’. खऱ्या जगात इंटरनिक ही १९९३मध्ये इंटरनेटवरच्या नावांची नोंदणी पाहण्यासाठी अमेरिकेत उभी राहिलेली व्यवस्था होती. खेळातले इंटरनिकही जगातल्या मशीनचे पत्ते देणारी सार्वजनिक जागाच आहे. तिथे शिरणे सोपे असते, म्हणून पुष्कळजण आपली साखळी तिथूनच सुरू करतात आणि नोंदही तिथलीच पुसतात. तिचा पत्ता ४५८ या आकड्याने सुरू होतो. खऱ्या इंटरनेटच्या चार आकड्यांच्या पत्त्यात कुठलाही आकडा २५५च्या पुढे जाऊ शकत नाही. त्यामुळे खेळातला असा पत्ता चुकूनही कोणाच्या खऱ्या कॉम्प्युटरचा निघणार नाही.

सुरुवातीला एजंटच्या हाती ३००० क्रेडिटचे कर्ज असते. त्यात पासवर्ड फोडणारे अवजार येते आणि वर किरकोळ एखाददुसरी गोष्ट येते. पुढे कमाईतून वेगवान मॉडेम, जास्त मेमरी, नवे प्रोसेसर घेत जायचे. गेटवेच्या खोलीत हालचाल टिपणारे यंत्र बसवता येते, म्हणजे पोलीस आत शिरले की आधी कळते. त्याच्या जोडीला गेटवे उडवून देणारे स्फोटकही घेता येते. पुरावा पोलिसांच्या हाती पडण्याऐवजी मशीनच भस्म झालेले बरे, असा त्यामागचा हिशेब. बटण वेळेत दाबले तर एजंट वाचतो, पण लाखमोलाचे यंत्र जाते.

हे सगळे खऱ्या हॅकिंगसारखे आहे का? नाही, आणि तसा दावाही कोणी केलेला नाही. खरा पासवर्ड एकेक अक्षर स्थिर होत फुटत नाही. तो एक तर पूर्ण जुळतो, नाही तर अजिबात जुळत नाही. ‘अपलिंक’ने आपले हॅकिंग घेतले ते सिनेमातून. १९८३च्या ‘वॉरगेम्स’मध्ये एक शाळकरी मुलगा घरच्या मॉडेमवरून शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून आपले गुण बदलतो आणि नंतर ‘प्रोटोव्हिजन’ या खेळांच्या कंपनीचा शोध घेता घेता थेट अमेरिकी लष्कराच्या यंत्रणेत जाऊन पोहोचतो. ‘अपलिंक’मध्येही प्रोटोव्हिजनचा सर्व्हर आहे, आणि शैक्षणिक नोंद बदलण्याची सुपारीही मिळते. १९९२च्या ‘स्नीकर्स’मध्ये आवाज ओळखणारे दार उघडण्यासाठी एका कर्मचाऱ्याचे बोलणे गुपचूप टेपवर घेतात आणि त्याचे शब्द जोडतात. ‘अपलिंक’मध्ये आवाजाचे कुलूप असलेल्या मशीनसाठी एजंट तिथल्या व्यवस्थापकाला फोन लावतो. समोरचा माणूस ‘हॅलो, कोण बोलतंय?’ अशा अर्थाचे दोन शब्द बोलतो, तेवढ्यात अवजार त्याचा आवाज टिपून घेते, आणि मग तोच आवाज कुलपाला ऐकवायचा. कुलूप कितीही पक्के असले तरी ते उघडणारा माणूस भोळा असतो, ही गोष्ट मात्र सिनेमापुरती नाही. ओटीपी विचारणारे फोन घेतलेल्या कोणालाही ती सांगावी लागत नाही.

उलट चालत येणाऱ्या मागाचीही मुळे खऱ्या घटनांत आहेत. १९८६मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कॉम्प्युटर वापराच्या बिलात ७५ सेंटची तफावत निघाली. मूळचे खगोलशास्त्रज्ञ असलेल्या क्लिफर्ड स्टॉल यांच्याकडे ती शोधायचे काम आले. चूक हिशेबाची नव्हती. कोणीतरी परका माणूस आत शिरून पैसे न भरता मशीन वापरत होता. स्टॉल यांनी त्याला हाकलले नाही. तो काय टाइप करतो ते कागदावर छापून घेत त्यांनी महिनोन्महिने पाळत ठेवली. तो घुसखोर एका मशीनवरून दुसऱ्यावर उड्या मारत येत होता, आणि तो जोडलेला असेल तेवढ्याच वेळात फोनची एकेक लाइन उलटी शोधत जावे लागे. जर्मनीतल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तर माणसाला प्रत्यक्ष जाऊन यंत्रे तपासावी लागत. म्हणून स्टॉल यांनी लष्करी गुपितांसारख्या दिसणाऱ्या खोट्या फाइली रचून ठेवल्या. घुसखोर त्या वाचत बसला, तेवढ्यात माग पूर्ण झाला आणि हॅनोव्हर शहरातला मार्कुस हेस सापडला. तो ही माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होता. स्टॉल यांनी हा सगळा तपास ‘द कुकूज एग’ या १९८९च्या पुस्तकात लिहिला आहे. ‘अपलिंक’मधली टिकटिक म्हणजे हीच शर्यत, फक्त ती महिन्यांवरून मिनिटावर आणलेली आहे.

सायबरपंकचे ऋण खेळाने उघडपणे मान्य केले आहे. विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमान्सर’ ही कादंबरी १९८४ची. ‘सायबरस्पेस’ हा शब्द त्यांनी त्याआधी, १९८२च्या एका कथेत वापरला होता. या लेखनाचा गाभा असा की सत्ता सरकारच्या हातून बड्या कंपन्यांच्या हाती गेली आहे, माणसाची ओळख त्यांच्या यंत्रांत बंद आहे आणि त्या यंत्रांत शिरता येणारा फाटका माणूसच त्यांना थोडाफार त्रास देऊ शकतो. ‘अपलिंक’मध्ये एजंटच्या कामगिरीची दोन मापे आहेत. एक कौशल्याचे. दुसऱ्याचे नावच ‘न्यूरोमान्सर रेटिंग’. कोणत्या तऱ्हेची कामे पत्करली यावर ते वर-खाली होते. दुसऱ्या हॅकरला पकडून दिले तर पैसे मिळतात, पण हे माप घसरते.

सुरुवातीची कामे फाइल चोरण्याची किंवा पुसण्याची असतात. ती बिनचेहऱ्याची असल्यामुळे मनाला लागत नाहीत. पुढे कामे बदलतात. आंतरराष्ट्रीय शैक्षणिक नोंदवहीत जाऊन एखाद्याला पदवी बहाल करायची. गुन्ह्यांच्या नोंदवहीत एखाद्याच्या नावावर गुन्हा चढवायचा. बँकेतून पैसे वळवायचे. सर्वांत अस्वस्थ करणारे काम म्हणजे लॉगमधल्या नोंदी बदलून घुसखोरीचा आळ निरपराध माणसावर टाकायचा. पडद्यावर त्या माणसाचा फोटो येतो, नाव येते, जन्मतारीख येते. एका रकान्यात दोन शब्द टाइप करायचे आणि ‘कमिट’ म्हणायचे, एवढेच काम. त्यात टिकटिकीपलीकडे काही थरार नाही, पण कोणाचे तरी आयुष्य उद्ध्वस्त होते. हिंसेचे खेळ रक्त दाखवतात. इथे फक्त एक रकाना बदलतो, आणि तो बदल जास्त वेळ मनात राहतो. २००१मध्ये कल्पिलेल्या २०१०च्या या जगात स्मार्टफोन नाही, समाजमाध्यमे नाहीत, मॉडेमचा वेग वाढवायची धडपड आहे. तो सगळा तपशील जुना झाला. पण पदवी, बँकखाते, पोलिसांकडची नोंद आणि सरकारी क्रमांक मिळून माणूस बनतो, आणि ती नोंद बिघडली की माणूसही बिघडतो, हे निरीक्षण जुने झालेले नाही.

सुट्या कामांखालून एक मोठी गोष्टही वाहते. अपलिंकच्या एका नामवंत एजंटचा मृत्यू होतो आणि त्याने आधीच लिहून ठेवलेला संदेश खेळणाऱ्याला मिळतो. त्या धाग्यावरून ‘अँड्रोमेडा रिसर्च कॉर्पोरेशन’ या कंपनीपर्यंत पोहोचता येते. ती ‘रेव्हलेशन’ नावाचा व्हायरस बनवत असते, आणि त्याने सगळे इंटरनेट नष्ट करायचा तिचा बेत असतो. ‘अरुनमोर’ ही दुसरी कंपनी त्यावर उतारा तयार करते, त्याचे नाव ‘फेथ’. खेळणाऱ्याने कोणाची बाजू घ्यायची ते त्याने ठरवायचे. विशेष म्हणजे त्याने काहीच ठरवले नाही, आपला सुपाऱ्या घेत बसला, तरी गोष्ट त्याच्यासाठी थांबत नाही; बातम्यांच्या सर्व्हरवर घडामोडी येतच राहतात. नायकाभोवती फिरणाऱ्या खेळांच्या गर्दीत हे धाडस वेगळे उठून दिसते. आणि इंटरनेटच संपले तर खेळही संपतो, कारण शिरायला मशीनच उरत नाही.

‘अपलिंक’च्या आधी या वाटेने कोणी गेले नव्हते असे नाही. अॅक्टिव्हिजन कंपनीचा १९८५चा ‘हॅकर’ हा खेळ सुरू केला की पडद्यावर फक्त ‘लॉगऑन प्लीज’ एवढेच शब्द येत. सोबत काहीही सूचना नसत, आपण कुठे आलो ते खेळणाऱ्यानेच शोधायचे. १९८८मध्ये इंटरप्लेने ‘न्यूरोमान्सर’वर खेळ काढला. पण त्यांत हॅकिंग हा गोष्टीचा एक भाग होता. सगळा खेळच हॅकरच्या पडद्याएवढा करणे ‘अपलिंक’ने साधले.

‘अपलिंक’ लिहिणारा क्रिस डिले आणि त्याचे भागीदार मार्क मॉरिस व थॉमस अरुंडेल हे तेव्हा लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे विद्यार्थी. मोठ्या प्रकाशकाच्या दारी न जाता त्यांनी खेळ आपल्या वेबसाइटवरून विकला. स्वतःला ते ‘झोपायच्या खोलीत बसून प्रोग्राम लिहिणाऱ्यांतले शेवटचे’ म्हणवत. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमधली मुले घरच्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरवर एकट्याने खेळ लिहून विकत, त्या परंपरेशी हे नाते होते. ते शेवटचे ठरले नाहीत. दहा वर्षांत एकट्यादुकट्याने खेळ बनवून इंटरनेटवर विकणारे हजारोंनी झाले. इंट्रोव्हर्जनच्या पुढच्या ‘डार्विनिया’ला २००६मध्ये स्वतंत्र खेळांच्या महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी अणुयुद्धावरचा ‘डेफकॉन’ आला, आणि तोही निळ्या नकाशावर रेघा सरकवणारा, ‘वॉरगेम्स’च्या शेवटच्या प्रसंगाची आठवण करून देणारा. कंपनीला खरा पैसा दिला तो ‘प्रिझन आर्किटेक्ट’ने.

‘अपलिंक’चा वारसा दोन वेगळ्या अंगांनी पुढे गेला. २०१५च्या ऑस्ट्रेलियन ‘हॅकनेट’ने माउस बाजूला ठेवून खऱ्या युनिक्ससारखे आदेश टाइप करायला लावले. २०१६मध्ये अमेरिकेतल्या ब्रेंडन चुंग यांचा ‘क्वाड्रिलॅटरल काउबॉय’ आला. तो ऐंशीच्या दशकाच्या वळणाचा सायबरपंक आहे, आणि त्यात चोर स्वतः इमारतीत शिरतो. सुटकेसएवढा जड कॉम्प्युटर जमिनीवर ठेवायचा, उघडायचा आणि अमुक दार तीन सेकंद उघड, अमुक कॅमेरा तीन सेकंद बंद कर असे आदेश ओळीत लिहायचे. मग आदेश चालू करून स्वतः धावायचे. तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ यंत्र बंद राहिले की धोक्याची घंटा वाजते. ‘अपलिंक’मध्ये नकाशावर उड्या मारणारी रेघ इथे खेळणाऱ्याच्या पायांत आली आहे. ‘डार्विनिया’ला मिळालेलेच पारितोषिक २०१७मध्ये या खेळाला मिळाले.

‘अपलिंक’ आजही विकत मिळतो. २००६मध्ये तो स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला, २०१२मध्ये आयपॅडवर. इंट्रोव्हर्जनने त्याचा सोर्स कोडही हौशी प्रोग्रामरना विकत दिला. त्यावर काम करून चाहत्यांनी ‘ऑनलिंक’ नावाची वाढीव आवृत्ती केली, आणि तीत अवजारे, मशीन आणि कामे मूळ खेळापेक्षा पुष्कळ जास्त आहेत.